वस्तीतल्या खेळासाठी परिणामाधारित करार करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गरीब वस्तीत रोज संध्याकाळी फुटबॉल आणि बास्केटबॉल चालवणारी एक छोटी संस्था आहे. देणग्या आटत चालल्या आहेत. एका सरकारी खात्याने सुचवलं आहे की यापुढचा पैसा ‘सोशल आउटकम कॉन्ट्रॅक्ट’मधून, म्हणजे परिणामाधारित करारातून घ्या. मुलं शाळेत टिकली, पोलिसांच्या नोंदीत आली नाहीत, तर त्या परिणामांचे पैसे खातं देईल. तोवरचा खर्च एक गुंतवणूकदार उचलेल. हे करावं का, आणि करायचं तर कसं?

माझं उत्तर: करा, पण अख्ख्या मैदानाचा करार करू नका. मैदान सगळ्यांसाठी मोकळं राहू द्या आणि त्याचा खर्च साध्या अनुदानातून किंवा देणगीतूनच भागवा. मैदानावर येणाऱ्यांपैकी ज्या मुलांना खेळापलीकडे कुणाच्या तरी सोबतीची गरज आहे, त्यांच्यासोबतच्या कामापुरता करार करा. या दोन गोष्टी एकत्र केल्या की दोन्ही बिघडतात. हे मी इतकं ठामपणे का म्हणतो ते सांगतो, पण आधी कराराची रचना पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच असतात.

या करारात साधारण चार पक्ष असतात. परिणामांचे पैसे देणारं खातं किंवा फाउंडेशन, आधी पैसे घालणारा गुंतवणूकदार, प्रत्यक्ष काम करणारी संस्था आणि आकडे तपासणारा त्रयस्थ. बऱ्याचदा या सगळ्यांची मोट बांधणारी एक मध्यस्थ संस्थाही असते. या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग २०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरो तुरुंगात झाला. वर्षापेक्षा कमी शिक्षा भोगून सुटणाऱ्या पुरुषांना बाहेर आल्यावर आधार द्यायचा आणि ते पुन्हा किती वेळा दोषी ठरतात ते मोजायचं, असं काम होतं. १७ गुंतवणूकदारांनी मिळून ५० लाख पौंड घातले. गुन्हे किमान ७.५ टक्क्यांनी घटले तरच पैसे परत मिळणार होते. २०१७ मध्ये अंतिम निकाल लागला तेव्हा घट ९ टक्के भरली आणि गुंतवणूकदारांना मुद्दल व्याजासह मिळालं.

उलट उदाहरणही तितकंच बोलकं आहे. न्यू यॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात २०१२ मध्ये किशोरवयीन कैद्यांसाठी असाच कार्यक्रम सुरू झाला. त्यात गोल्डमन सॅक्स या बँकेचं कर्ज होतं आणि त्यातल्या बहुतेक रकमेला शहराचे तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेची हमी होती. पुनर्गुन्ह्यांचं प्रमाण घटलं नाही, २०१५ मध्ये कार्यक्रम बंद झाला आणि शहराने परिणामांसाठी काहीच दिलं नाही. करार ठरल्याप्रमाणेच चालला. पण कार्यक्रमही संपला, हे विसरू नका. पैसे देणाऱ्याला अपयशाची झळ लागत नाही, म्हणून हा करार त्याला आवडतो. तुमच्या वस्तीतल्या मुलांना ती झळ लागू नये, ही काळजी मात्र करार लिहितानाच घ्यावी लागते आणि ती तुमच्या वतीने दुसरं कुणी घेणार नाही.

आता खेळाची खास अडचण. खेळाचे फायदे खरे आहेत, पण ते पसरट आहेत. स्पोर्ट इंग्लंड या तिथल्या सरकारी क्रीडा संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सामुदायिक खेळ आणि शारीरिक हालचालींवर खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला ३.९१ पौंडांचं मूल्य मिळतं. असा आकडा हाती आला की संस्थांना वाटतं, आता करार सोपा झाला. तसं होत नाही. ते मूल्य आरोग्य, शिक्षण, सुरक्षितता, मनाचं स्वास्थ्य अशा कितीतरी ठिकाणी विखुरलेलं असतं. त्यातला मोठा भाग कुठल्याही खात्याच्या तिजोरीत रोख बचत म्हणून दिसत नाही. पोलिसांना थोडं, शाळेला थोडं, दवाखान्याला थोडं. म्हणून ‘आमच्या कामातून समाजाचा इतका फायदा होतो’ हे वाक्य कराराच्या बैठकीत फारसं कामाचं नसतं. विचारलं जातं ते एवढंच: नेमकं कोणतं खातं, कोणत्या बदलासाठी, स्वतःच्या तरतुदीतून पैसे काढायला तयार आहे? इंग्लंडमध्ये २०१६ साली लाइफ चान्सेस फंड निघाला तो याच अडचणीवर. स्थानिक यंत्रणांनी परिणामांसाठी द्यायच्या रकमेत केंद्राने स्वतःचा हिस्सा घातला, कारण फायदा एकाच खिशात पडत नाही हे मान्य होतं. तुमच्याकडेही एकच खातं तयार असेल, तर त्याला दुसरा भागीदार शोधायला सांगा.

मग खेळातून बदल घडतो तरी कसा? इथे थोडं थांबू, कारण कराराचा पाया हाच आहे.

अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मेरीलँडमध्ये मध्यरात्रीच्या बास्केटबॉल लीग सुरू झाल्या. रात्री दहानंतर तरुणांना रस्त्यावरून मैदानात आणायचं, ही कल्पना. ती देशभर गाजली आणि १९९४ च्या गुन्हेगारीविषयक कायद्याच्या वेळी तिच्यावर टीकाही भरपूर झाली. त्या वादात एक तपशील हरवला: मूळ कार्यक्रमात खेळायचं तर कार्यशाळेला बसणं सक्तीचं होतं. नुसता चेंडू देऊन भागत नाही, हे चालवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

याहून भक्कम पुरावा शिकागोचा आहे. २००९-१० च्या शालेय वर्षात तिथल्या १८ सरकारी शाळांतल्या सातवी ते दहावीच्या २७४० मुलग्यांवर रीतसर प्रयोग झाला. काहींना शाळेच्या वेळात गटसत्रं मिळाली, काहींना शाळेनंतरचा खेळ, काहींना दोन्ही. गटसत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटली जायची: डोक्यात तिडीक गेली की हात उचलण्याआधी क्षणभर थांबायचं आणि समोरच्याच्या मनात काय असेल याचा विचार करायचा. खेळ घेणाऱ्या प्रशिक्षकांनाही याच विचारपद्धतीचं प्रशिक्षण दिलं होतं. कार्यक्रमाच्या वर्षात भाग घेतलेल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळजवळ निम्म्याने घटल्या. पुढच्या वर्षी मात्र अटकांमधला हा फरक टिकला नाही. शाळेत टिकण्यावरचा परिणाम मात्र पुढेही राहिला.

या निकालातून मी तीन गोष्टी घेतो. खेळ मुलाला दारापर्यंत आणतो आणि आठवड्यामागून आठवडे येत ठेवतो. हे काम दुसरं कुठलंही साधन इतक्या सहज करत नाही. बदल मात्र त्या येण्याच्या काळात एखाद्या खमक्या मोठ्या माणसाने मुलाशी काय केलं यावर ठरतो. आणि काही परिणाम कार्यक्रम चालू आहे तोवरच राहतात. म्हणजे वर्षभर काम करून ‘पुढची पाच वर्षं गुन्हा नाही’ असं लक्ष्य कागदावर लिहिणारा करार पुराव्याला सोडून आहे.

मैदान आणि करार वेगळे ठेवा असं म्हणतो ते म्हणूनच. मोकळ्या मैदानावर कुणी कुणाला विचारत नाही की तू इथे का आलास. हुशार मुलगी, शाळा सोडलेला मुलगा, पोलिसांकडे दोनदा जाऊन आलेला मुलगा, सगळे एकाच संघात असतात. त्या तिसऱ्या मुलाला मैदानाची ओढ वाटते ती तिथे तो फक्त डावीकडून धावणारा खेळाडू असतो म्हणून. अख्खं मैदान करारात घातलंत की प्रत्येक डोकं मोजावं लागतं, प्रत्येकाचा अर्ज भरावा लागतो. ज्यांच्यामुळे पैसे मिळतात ती मुलं महत्त्वाची ठरतात आणि बाकीच्यांची वेळ हळूहळू कापली जाते. काही महिन्यांत ‘तिथे बिघडलेली पोरं जातात’ अशी ख्याती होते. मग आईबाप मुलींना पाठवणं थांबवतात आणि ज्या मिसळण्यावर सगळं उभं होतं तेच संपतं. मोकळ्या मैदानाला स्वतःचे नियम असावेत, पण ते वस्तीने ठरवलेले. नैरोबीतल्या मथारे वस्तीत १९८७ पासून चालणाऱ्या युवा क्रीडा संघटनेने लीगच्या गुणतक्त्यात परिसर साफ करण्याचेही गुण ठेवले. कुठल्याही गुंतवणूकदाराच्या अटीविना मुलं सामन्याइतक्याच चुरशीने सफाईला उतरली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

तर करारात काय घालायचं? शाळेने, समाजकल्याण यंत्रणेने किंवा बालन्याय व्यवस्थेने नावानिशी पाठवलेली मुलं. त्यांच्यासोबत प्रशिक्षकाने मैदानाबाहेर घालवलेला वेळ: घरभेट, शाळेतल्या शिक्षकांशी बोलणं, परीक्षेच्या अर्जापासून बाचाबाचीच्या दिवशी मध्ये उभं राहण्यापर्यंत. ती खेळतील सगळ्यांबरोबरच, आणि संघात कुणाला कळू नये की अमुक मुलगा ‘यादीतला’ आहे.

परिणाम निवडताना एकच कसोटी लावा. प्रशिक्षकाच्या कामाशी जवळचा असावा आणि खात्याला पैसे मोजावेसे वाटतील इतका वजनदारही असावा. ‘आत्मविश्वास वाढला’ हा प्रशिक्षकाच्या जवळचा आहे, पण त्यासाठी कुठलंही खातं फार काळ पैसे देत नाही. ‘वीस वर्षांनी नोकरीत आहे’ हे वजनदार आहे, पण तुमच्या हातात नाही. मधली जागा शोधा: शाळेतली हजेरी, शाळेतून निलंबन न होणं, परीक्षेला बसणं आणि उत्तीर्ण होणं, प्रशिक्षणात किंवा कामात काही महिने टिकणं. माझं मत विचाराल तर हजेरी आणि परीक्षा या दोनच गोष्टी मुख्य ठेवा. अटकांचा आकडा मुख्य परिणाम करण्याच्या मी विरोधात आहे. एक तर तो पोलिसांच्या गस्तीवरही अवलंबून असतो. दुसरं आणि गंभीर कारण म्हणजे पोलिसांच्या नोंदी तुमच्या कार्यालयातून फिरू लागल्या की मुलांना वाटतं, हा कोच पोलिसांचाच माणूस. एकदा ती शंका बसली की ती निघत नाही. खात्याचा आग्रहच असेल, तर ती माहिती फक्त तपासणाऱ्या त्रयस्थाकडे जावी आणि संस्थेला गटाचा एकूण आकडाच कळावा, असं करारात लिहून घ्या.

मोजण्यात एक खड्डा हमखास असतो. शाळा मुलाला तुमच्याकडे पाठवते ती त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात. घरी काही घडलेलं असतं, तीन आठवडे तो शाळेत आलेला नसतो. अशा तळातून मूल पुष्कळदा आपोआपच थोडं वर येतं. त्या वाईट महिन्याची बेसलाइन, म्हणजे तुलनेचा सुरुवातीचा आकडा, धरली तर तुमचं यश फुगलेलं दिसेल आणि दोन वर्षांनी कुणीतरी मूल्यमापक ते दाखवून देईल. त्यात सगळ्या क्षेत्राची पत जाते. म्हणून बेसलाइन मागच्या संपूर्ण शालेय वर्षाची घ्या आणि शक्य असेल तिथे तशाच, पण कार्यक्रमात नसलेल्या मुलांशी तुलना ठेवा. पीटरबरोमध्ये प्रत्येक गटात सुमारे हजार माणसं आणि त्यांच्याशी मिळतेजुळते देशभरातले कैदी अशी तुलना होती. तुमच्याकडे चाळीस मुलं असतील तर तसली तुलना निरर्थक आहे, दोन कुटुंबं गाव सोडून गेली तरी आकडा ५ टक्क्यांनी हलतो. छोट्या गटासाठी दरपत्रक बरं: प्रत्येक मुलाच्या प्रत्येक टप्प्याला आधीच ठरलेला दर. जे कार्यक्रमाशिवायही घडलं असतं त्याची वजावट त्या दरातच करून घ्यायची, म्हणजे नंतर वाद उरत नाही.

दुसरा खड्डा निवडीचा. पैसे परिणामावर असले की सोपी मुलं घ्यायचा मोह होतो, आणि अवघड मुलं नावापुरती यादीत ठेवून बाजूला पडतात. चांगल्या माणसांकडूनही हे होतं, पगाराची चिंता असली की नजर आपोआप तिकडे वळते. उपाय उपदेशात नाही, रचनेत आहे. यादी संस्थेने नव्हे, पाठवणाऱ्या यंत्रणेने करावी. पाठवलेलं प्रत्येक मूल हिशेबात धरावं, दोनदा येऊन गेलेलंही. ज्यांच्यापुढे अडचणी जास्त त्यांच्यासाठी दर जास्त असावा. मुलींचं लक्ष्य वेगळं लिहावं. एकत्र आकडा ठेवला तर तो मुलग्यांनीच भरून निघतो, कारण मुलींना आणायचं म्हणजे उजेडातली वेळ, बाई प्रशिक्षक, कपडे बदलायला बंद खोली, घरच्यांशी बोलणं, आणि या सगळ्याला खर्च लागतो. तो खर्च दरात दिसलाच पाहिजे.

आता पैशाचा ओघ. छोट्या संस्था इथेच बुडतात. परिणाम दिसायला शाळेची एक-दोन सत्रं जातात, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून गुंतवणूकदाराचा पैसा संस्थेच्या खात्यात काम सुरू होण्याआधी आला पाहिजे आणि परिणाम आले नाहीत तर तोटा त्याचाच, संस्थेकडून किंवा विश्वस्तांकडून वसुली नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं. एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा प्रत्यक्ष केलेल्या कामासाठी मिळावा (मूल दाखल झालं, त्याची योजना बनली, तीन महिने टिकलं) आणि उरलेला परिणामांवर, असा माझा आग्रह असतो. शंभर टक्के परिणामांवर चालणारा करार कागदावर फार शिस्तीचा दिसतो, पण वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला तो पेलत नाही.

प्रशिक्षकाचा पगार परिणामांना कधीही जोडू नका. ठरलेला, पूर्ण मुदतीचा पगार द्या. मुलाच्या हजेरीवर ज्याचा बोनस अवलंबून आहे तो माणूस आजारी मुलालाही शाळेत ढकलेल, आणि मुलाला ते कळेल. प्रशिक्षक मध्येच सोडून गेला तर त्याच्यासोबत जमलेली दहा-बारा नाती जातात. मला तरी या करारातला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो, तरीही जोखमीच्या तक्त्यात त्याची ओळ सहसा नसते. प्रत्येक मुलाला ओळखणारी दोन माणसं ठेवायचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा.

एकट्याने मुख्य कंत्राटदार होण्याच्या फंदात छोट्या संस्थेने पडू नये. वकील, तपासनीस, माहितीव्यवस्था यांचा खर्च चाळीस मुलांसाठीही लागतो आणि चार हजारांसाठीही. इंग्लंडमधल्या ‘चान्सेस’ कार्यक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. सरकारी देखरेखीखालची किंवा गुन्ह्याच्या वाटेवर आलेली मुलं खेळ आणि इतर उपक्रमांतून जोडायची, करार आणि माहितीची बाजू सबस्टन्स या मध्यवर्ती संस्थेने सांभाळायची, आणि मुलांसोबतचं काम त्या-त्या भागातल्या, लोकांचा आधीपासून विश्वास असलेल्या संस्थांनी करायचं. तुमच्यासारख्या आणखी पाच-सहा संस्था एकत्र येत असतील तरच पुढे जा.

या कराराची खरी ताकद कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर मी फक्त घाबरवतो आहे असं वाटेल. राजस्थानातल्या भीलवाड्यात २०१५ ते २०१८ या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ संस्थेने मुलींची पटनोंदणी आणि मुलांचं शिकणं यासाठी असा करार केला. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने पैसे घातले आणि परिणामांचे पैसे चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने दिले. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचं जेमतेम निम्मं लक्ष्य गाठलं होतं. साध्या अनुदानात अशा वेळी खुलासे मागवले जातात. इथे संस्थेला पद्धत बदलायची मोकळीक होती. कोणतं मूल कुठे अडतंय ते पाहून शिकवणं बदललं आणि अखेरीस शिकण्याच्या लक्ष्याच्या १६० टक्के, पटनोंदणीच्या ११६ टक्के काम झालं. किती सत्रं घेतली, किती चेंडू वाटले हे कुणी विचारत नाही. मुलाचं काय झालं ते विचारतात. मैदानावर काम करणाऱ्यांना हे स्वातंत्र्य क्वचितच मिळतं. फुटबॉल चालत नसेल तर बॉक्सिंग घ्या, संध्याकाळ जमत नसेल तर सकाळ करा. करारात उपक्रमांची यादी घुसवायचा प्रयत्न होईल, तो हाणून पाडा.

काही किरकोळ, पण महत्त्वाच्या गोष्टी. मैदान वापरण्याची परवानगी कराराच्या पूर्ण मुदतीची आणि लेखी हवी, मैदानच गेलं तर परिणाम कुठून येणार? साथ, पूर, दीर्घ बंद अशा काळात परिणामांऐवजी कामावर पैसे मिळतील असं कलम घाला. २०२० मध्ये कोरोनाकाळात ब्रिटनमधल्या काही करारांना असा तात्पुरता बदल करावा लागला होता. मूल प्रशिक्षकाला घरातल्या छळाबद्दल सांगतं तेव्हा काय करायचं, याची पद्धत करारापेक्षा वरचढ असावी. मुलाच्या आणि पालकांच्या भाषेत लिहिलेली संमती घ्या, आणि संमती नाकारणाऱ्या मुलाला मैदान बंद होऊ देऊ नका.

शेवटच्या वर्षाचा विचार पहिल्याच बैठकीत करा. करार पाच वर्षांचा असेल तर नवी मुलं घेणं चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला थांबवा, म्हणजे शेवटच्या मुलालाही पूर्ण वेळ मिळेल. शेवटचा परिणाम मोजून होईपर्यंतचे पगार वेगळे राखून ठेवा. यश आलं तर खातं हे काम आपल्या नेहमीच्या अंदाजपत्रकात घेणार का, घेणार तर कोणत्या आकड्यावर, हे लेखी मागा. पूर्ण हमी कुणी देणार नाही, पण आकडा लिहायला तयार असलेलं खातं आणि ‘तेव्हा बघू’ म्हणणारं खातं यांत फार फरक असतो.

सही करण्याआधी खात्याकडे एकच गोष्ट मागा: ज्या परिणामासाठी ते पैसे देणार आहेत त्याची, याच वस्तीतल्या याच वयाच्या मुलांची, मागच्या तीन वर्षांची आकडेवारी, नावं काढून. दोन महिन्यांत ती मिळाली तर पुढची बोलणी करा. मिळाली नाही, तर दर तिमाहीला हजेरीचे आकडे वेळेवर येऊन तुमचे पैसेही वेळेवर निघतील अशी आशा धरता येणार नाही. मग या वर्षी साधं अनुदानच मागा, आणि ती आकडेवारी गोळा करण्याचं काम त्याच अनुदानात बसवा.